कवेलू गेले, शेगडीचे काय?

नागपूर म्हटले की मुंबई-पुण्याच्या माणसाला नुसत्या नावाने घाम फुटतो. संत्री, सावजी रस्सा आणि ऊन या तीन गोष्टींपलीकडे त्या शहराची ओळख करून घ्यायला सहसा कोणी तयार नसते. उन्हाची कीर्ती काही खोटी नाही. २३ मे २०१३ रोजी तिथला पारा ४७.९ अंशांवर चढला होता. पण त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तो ३.५ अंशांपर्यंत उतरला, हे सांगितले की आमच्या गिरगावातल्या शेजारणी माझ्याकडे अशा पाहतात, की जणू मी काश्मीरची हकीकत नागपूरच्या नावावर खपवते आहे!

वास्तविक यात नवल नाही. मुंबईला समुद्राची दुलई आहे. ती दिवसा फार तापू देत नाही आणि रात्री फार गारठू देत नाही. नागपूर पडले देशाच्या पोटात, दोन्ही समुद्रांपासून दूर. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी ऊब उघड्या आभाळाला देऊन मोकळी होते. दुपारी अंगावर साधा सुती सदरा चालतो आणि पहाटे दोन स्वेटर पुरत नाहीत. त्यातून तिथली जुनी घरे बांधली ती उन्हाळ्याच्या धाकाने. उंच आढी, जाड भिंती, झरोके, शहाबादी फरशा. मे महिन्यात जे घर तुम्हाला जगवते, तेच डिसेंबरात पायाखालून बर्फ लावते. १९६० पासून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन इथे भरू लागले. मुंबईची मंडळी त्या निमित्ताने येतात आणि तिबेटी विक्रेत्यांच्या स्वेटरांच्या दुकानांपुढे गर्दी करतात, ती काही शोभेसाठी नव्हे.

मी बहुतेक दर डिसेंबरात महालातल्या मावशीकडे चार-आठ दिवस जाते. विदर्भ एक्स्प्रेसने निघावे, बडनेऱ्यापासून खिडक्यांच्या काचा खाली याव्यात, वर्ध्याला कुल्हडातल्या चहावर हात शेकावेत आणि नागपूरच्या फलाटावर उतरताच नाकाला तो ओळखीचा वास यावा: थोडा धुराचा, थोडा दवाचा, थोडा कोळशाचा. महाल म्हणजे भोसल्यांच्या वेळचे जुने नागपूर. गांधी दरवाजातून आत शिरले की बोळ अरुंद होत जातात. पूर्वी सकाळच्या वेळी घराघरांच्या कवेलूंतून धूर निघत असे. जणू घरेच तोंडातून वाफ सोडत आहेत. (आपण ज्यांना कौले म्हणतो त्यांना विदर्भात कवेलू म्हणतात. मावशीपुढे 'कौले' म्हटले तर ती देवाला लावायच्या कौलाविषयी बोलू लागते.)

या कवेलूंतच आजची सारी कथा आहे.

मावशीच्या घरात आग तीन ठिकाणी पेटत असे. मागल्या पडवीत चूल, न्हाणीघराच्या तोंडाशी तांब्याचा बंब आणि हिवाळ्यात रात्री तिच्या खाटेशी कोळशाची शेगडी. स्वयंपाकाला गॅस येऊन कैक वर्षे झाली. पण पानगे आणि वांग्याचे भरीत गॅसवर करणे म्हणजे मावशीच्या मते अन्नाचा अपमान. पानगे म्हणजे कणकेची जाड चानकी पळसाच्या किंवा वडाच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायची आणि तूप-वरणात कुस्करून खायची. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांनी हिवाळ्यात विदर्भातल्या एखाद्या नातलगाची आठवण जरूर काढावी.

गेल्या वर्षापूर्वी दादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, घराची दुरुस्ती काढली. वानरांनी आणि पावसाने कवेलूंची दैना केली होती. कवेलू उतरले, आढे गेले आणि सिमेंटचा स्लॅब पडला. खिडक्यांना घट्ट बसणाऱ्या सरकत्या काचा आल्या. घर कसे चकचकीत झाले! आणि त्या पहिल्याच हिवाळ्यात मावशीचे डोके सकाळी दुखू लागले. मळमळे, उठावेसे वाटेना. आठ वाजता अंगणातल्या उन्हात येऊन बसली की तासाभरात बरे वाटे. दादा म्हणे थंडी बाधते. मावशी म्हणे नव्या सिमेंटचा वास बाधतो. वहिनीने मात्र हट्टाने डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि मग औषधाऐवजी एक प्रश्न दिला: "रात्री खोलीत काय पेटत असतं?"

शेगडी! पण शेगडी काय आज पेटते आहे? पन्नास वर्षे ती त्याच खाटेशी, त्याच कोपऱ्यात पेटत आली. मावशीचा बिनतोड सवाल तोच होता. "तेव्हा काहून नाही दुखलं डोकं?"

उत्तर छपराला होते, जे आता उरले नव्हते. कवेलूंचे छप्पर हे नुसते छप्पर नव्हते, ते हजार फटींचे धुराडे होते. दर दोन कवेलूंमधून घरातली तापलेली हवा वर निघून जाई आणि दाराखालच्या फटीतून ताजी हवा आत येई. घर काळे होई, थंडही राही, पण माणूस वाचे. स्लॅबला फट नाही, सरकत्या काचेला फट नाही. बंद खोलीत निखारे जळू लागले की हवेतला प्राणवायू कमी पडतो आणि कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी आणायचा गुण नाही. रक्तातल्या तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. आपल्या बायकांचा समज असा की धूर संपून कोळसे लाल झाले म्हणजे शेगडी 'निर्दोष' झाली, आता आत आणायला हरकत नाही. नेमकी तीच वेळ घाताची. धुराने माणूस खोकत बाहेर तरी पळतो. हा वायू झोपेतच गाठतो. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

मी पोचले तेव्हा घरात दोन पक्ष पडले होते. दादाचा पक्ष: सगळी आग बंद, वीज सुरू. मावशीचा पक्ष: शेगडी नाही तर मी नाही. वहिनी मधल्या मध्ये. "आई, तुम्ही म्हणाल तसं करू, पण रात्री दार लावून शेगडी नको," एवढे ती शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणे. मला पाहताच तिने सुटकेचा श्वास टाकला. "बरं झालं आलात. मी चहा टाकतो, तोवर तुम्ही आईंशी बोला." (नागपुरी बायकांचे हे 'मी टाकतो', 'मी येतो' ऐकायला मला फार गोड वाटते.)

बोलण्यापेक्षा हिंडून पाहावे असे मी सुचवले आणि पुढचे चार दिवस आम्ही नणंद-भावजया शेगडीच्या शोधात नागपूर पालथे घालत होतो.

पहिली फेरी सिव्हिल लाइन्समध्ये. महालाहून तिथे जाणे म्हणजे शतक बदलणे. रुंद रस्ते, जुनी झाडे, घुमटाचे उच्च न्यायालय, एकेका बंगल्याभोवती एकेक वाडीएवढी जागा. इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात पचमढीला पळत आणि हिवाळ्यात इथे विलायतेची आठवण काढीत. वहिनीच्या ओळखीच्या एका वृद्ध वकिलांच्या दिवाणखान्यात भिंतीत बांधलेली तशी विलायती शेगडी आहे. वर फळी, फळीवर घड्याळ, खाली काळी पडलेली विटांची खोळ. वकीलसाहेबांनी ती आम्हाला कौतुकाने दाखवली आणि म्हणाले, "दिसायला राजेशाही, पण कामाची नाही. तोंड भाजतं आणि पाठ गारठते."

यात त्यांच्या बंगल्याचा दोष नव्हता. उघड्या विलायती शेगडीचा तो जातिस्वभावच आहे. लाकडाच्या उष्णतेतला फार तर दहावा-सातवा हिस्सा खोलीत येतो, बाकीचा धुराड्यातून आभाळाला. वर ते धुराडे खोलीतली ऊबही ओढून नेते आणि तिच्या जागी दाराच्या फटींतून थंड वारा बोलावते. १७९६ साली काउंट रम्फर्ड नावाच्या गृहस्थाने यावर निबंध लिहिला आणि लंडनच्या शेगड्यांचा कायापालट केला. खोळ उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीकडे परतेल, आणि धुराड्याचा घसा आवळा, एवढाच त्याचा मंत्र. पुढे लोकांनी खोळीत झाकणाच्या बिडाच्या भट्ट्या बसवल्या, त्यांनी लाकूड वाचले आणि धूर आवरला. वकीलसाहेबांच्या धुराड्यात मात्र कबुतरांनी तीन पिढ्यांचा संसार थाटला होता. ते साफ करून, आतून गिलावा करून, वर बिडाची भट्टी बसवायची, तीही वर्षातल्या चाळीस-पन्नास रात्रींसाठी? त्यांनी शहाणपणाने धुराड्याचे तोंड बंद केले आणि खोळीत विजेचा हीटर ठेवला. वर घड्याळ आहेच.

दुसरी फेरी लकडगंजात. नावाप्रमाणे सारा लाकडांचा बाजार. आरागिरण्यांचा आवाज, सागाचा वास आणि भुशाचे ढीग. या भुशावर नागपूरच्या कितीएक संसारांनी दिवस काढले आहेत. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडायचे, मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची. मधे तयार होते ती नळी. खालून काडी लावली की ती भुशाची शेगडी तासन् तास एकसारखी जळते, फुंकणे नाही की लाकडे सारणे नाही. गरिबाघरच्या या यंत्राची मला फार तारीफ वाटते. पण वायू तोच, आणि खोलीत ठेवायला तितकीच नालायक.

इतवारीत भांड्यांच्या आणि विजेच्या दुकानांत फिरलो. दुकानदाराने एकापाठोपाठ एक हीटर मांडले. लाल सळईचे, पंख्याचे, तेल भरलेल्या पंखांचे, एक तर काचेआड खोट्या ज्वाळा नाचवणारे. इथे एक हिशेब मनात ठेवावा. दोन हजार वॉटचा हीटर, मग तो हजारांचा असो वा दहा हजारांचा, तासाला दोन युनिटच खातो आणि तेवढीच ऊब देतो. जास्तीचे पैसे ज्वाळांच्या नाचाचे. फरक असतो तो ऊब देण्याच्या तऱ्हेत. सळई समोरच्या माणसाला लगेच शेकते, पण दुलईचे टोक तिच्यावर पडले की भडका. पंखा खोली झटकन तापवतो, पण आवाज करतो आणि नागपूरच्या आधीच कोरड्या हवेत घसा सुकवतो. तेलाचा हीटर तापायला वेळ घेतो, मात्र त्यात लाल काही उघडे नसते. म्हाताऱ्या माणसाच्या खाटेशी तोच बरा. आणि जुन्या घरातल्या लहान खुंटीच्या प्लगवर यांतले काहीच लावू नये. दोन हजार वॉट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, त्याला मोठा सॉकेट आणि जाड तारच हवी.

घरी येऊन हे सांगितले तर दादानेच घोळ घातला. तो कोळसा खाणीच्या कचेरीत आहे. कागद-पेन्सिल घेऊन म्हणाला, "तीन तास हीटर म्हणजे सहा युनिट. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा. म्हणजे आईच्या खोलीसाठी तिकडे कोराडीला चार-साडेचार किलो कोळसा जळणार." मावशीने तेवढेच उचलले. "अन् माझ्या शेगडीला किलोभर पुरतो! मग काहून माझ्यावर चिडून राहिला?" दादा निरुत्तर. १९७४ पासून कोराडीचे वीजकेंद्र नागपूरच्या उत्तरेला धूर सोडत उभे आहे; घराघरांतली आग आपण विझवली असे म्हणतो, ती खरे तर तिथे एकत्र नेऊन पेटवली आहे. तरी मी दादाच्याच बाजूची. तिथला धूर उंच चिमणीतून जातो, मावशीच्या उशाशी बसत नाही. मात्र तीन तास कशाला लावायचा? निजण्यापूर्वी अर्धा तास, हजार वॉटवर, आणि निजताना बंद. पुढचे काम दुलईने आणि गरम पाण्याच्या रबरी पिशवीने करावे.

खोलीचे असे निभले, पण चुलीचे काय? त्यासाठी वहिनीने मला आपल्या माहेरी, वर्ध्याला नेले. गाडीने सव्वा तासाचा रस्ता. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, कुमारप्पांच्या देखरेखीखाली. तिथले मगन संग्रहालय गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्याबरोबर त्या मंडळींनी बायकांच्या डोळ्यांतल्या पाण्याचाही विचार केला, हे मला विशेष वाटते. १९४० च्या दशकात तिथे 'मगन चूल' तयार झाली. मातीचीच, पण झाकलेली; एका जाळावर एकापुढे एक भांडी आणि शेवटी धूर बाहेर नेणारे धुराडे. पुढे १९५३ मध्ये हैदराबादला राजू यांनी अशीच निर्धूर चूल प्रसिद्ध केली, आणि १९८० च्या दशकात सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम काढून तीन कोटींहून अधिक सुधारलेल्या चुली देशभर बसवल्या. त्यांतल्या कितीतरी वर्षा-दोन वर्षांत पडून राहिल्या. कारण साधे होते. चूल बसवणारा निघून जाई आणि धुराड्यात काजळी साचे. ते झाडायचे कोणी, कसे, हे सांगितलेलेच नसे. शिवाय भोकाच्या मापाचे भांडे घरात नसले की बाई भोकच फोडून मोठे करी. चूल आखणाऱ्याने एकदा तरी तिच्यावर वीस माणसांच्या भाकरी थापायला हव्या होत्या, असे वहिनीची आई म्हणाली. त्यांच्या परसात तशी एक चूल होती. आता तीत तुळस आहे.

खुद्द नागपुरातही या विषयावर काम झाले आहे. वर्धा रस्त्यावर १९५८ पासून जी सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था आहे आणि जिला १९७४ पासून 'नीरी' म्हणतात, तिथल्या शास्त्रज्ञांनी 'नीरधूर' नावाची सुधारलेली चूल तयार केली. नाव तर फारच छान शोधले आहे.

या साऱ्यातून आम्ही जे निवडले ते असे. बंब निवृत्त झाला. मला त्याचे वाईट वाटले, कारण मधे जाळाची नळी आणि भोवती पाणी अशी ती रचना इतकी हुशार, की रम्फर्डनेही मान डोलावली असती. पण शंभर लिटर पाणी पंधरा अंशांवरून साठांवर न्यायला पाचेक युनिट लागतात, आणि ते नागपूरचे हिवाळी ऊन फुकट देते. स्लॅब आलाच आहे, तर त्यावर सूर्याचा बंब बसवला. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर मात्र मी कोणालाच सुचवणार नाही. तोही खोलीतलीच हवा खातो आणि तोच अदृश्य वायू सोडू शकतो. लावायचाच तर दाराबाहेर.

चूल अंगणाच्या कडेला, तीन बाजूंनी मोकळ्या पत्र्याच्या पडवीत गेली. लाकडाखाली लोखंडी जाळी, म्हणजे हवा खालून मिळेल. मागे पत्र्याचे धुराडे, पडवीच्या वर दोन फूट, टोकाला पावसाची टोपी आणि बुडाशी काजळी काढायला दिवळी. ती दिवळी मावशीच्या हाताच्या मापाने पाडून घेतली. शेगडी मोडीत काढायची नाही हे तिला आधीच कबूल केले होते. ती संध्याकाळी अंगणात पेटते आणि आत येत नाही. हीटरला तिची हरकत नव्हती, तिची तक्रार निराळीच होती. "त्या डब्यापाशी कोण बसून राहिलं गप्पा मारत?" शेगडीभोवती समोरच्या जोशीणकाकू, वरच्या मजल्यावरची भाडेकरीण, शाळेतून आलेली पोरे अशी सभा रोज भरते. ती सभा बंद पाडण्याचा अधिकार डॉक्टरांनाही नव्हता. मावशीची डोकेदुखी आठवड्यात गेली, हे तिने अजून कबूल केलेले नाही.

चूल पेटवायच्या दिवशी गवंड्याने धुराड्याला हौसेने दोन वळणे दिली होती. पहिला जाळ घातला आणि सारा धूर परत तोंडावर! मावशीने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. एक वळण काढून नळी सरळ वर नेली, कोरडी बाभूळ घातली, आणि धूर सुतासारखा वर चढू लागला. वहिनीने पळसाची पाने आणली. पहिले दोन पानगे करपले, तिसरा मावशीने बोटाने दाबून पाहिला आणि न बोलता माझ्या पानात टाकला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून जोशीणकाकूंचा आवाज आला. आमच्या नव्या धुराड्याचा धूर सरळ त्यांच्या गच्चीवरच्या कुरडयांवर जात होता. दुसऱ्या दिवशी नळी आणखी तीन फूट वाढवली.